सोयाबीनची घरगुती उगवण चाचणी : निकालाचा अर्थ कसा लावावा?



अक्षय्य तृतीया झाली की घरोघरी बियाण्याची पोती बाहेर निघतात. सोयाबीन हे स्वपरागीत पीक असून त्याचे वाण सरळ असतात. त्यामुळे दरवर्षी नवे बियाणे विकत घेण्याची गरज नसते. घरचेच बियाणे निवडून, चाळून, उगवणशक्ती तपासून वापरावे अशी शिफारस आहे आणि पुष्कळ शेतकरी ती पाळतात. असे असूनही एक प्रश्न शिवारफेरीत आणि मेळाव्यात वारंवार ऐकावा लागतो. "सर, मी घरी दहा दाणे रुजत घालून पाहिले होते. सात उगवले. सत्तर टक्के उगवण पाहिजे असे तुम्हीच सांगता. मग शेतात निम्मेसुद्धा का निघाले नाही?"

प्रश्न रास्त आहे. बी खोल पडले, ओल अपुरी होती, पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन जमिनीवर पापडी धरली, ही नेहमीची कारणे आपण सांगतो आणि ती पुष्कळदा खरीही असतात. परंतु आणखी एक कारण आहे, ते हिशेबाचे आहे. दहापैकी सात दाणे उगवले याचा अर्थ बियाणे सत्तर टक्के उगवणीचे आहे असा होत नाही. मग काय अर्थ होतो, हे काढण्याची रीत गणितात आहे. तिला बेझचे प्रमेय म्हणतात. नाव परके असले तरी त्यात गुणाकार, बेरीज आणि भागाकार यापलीकडे काही नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास अर्ध्या तासात ती हाती येते.

शर्त उलटी झाली की उत्तर बदलते

प्रथम एक साधी गोष्ट पाहू. मृगाचा पाऊस पडतो त्या दिवशी आभाळ भरलेले असते, हे जवळजवळ शंभर टक्के खरे. परंतु आभाळ भरून आले म्हणजे पाऊस पडतोच असे नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? पहिल्या वाक्यात "पाऊस पडला" ही शर्त आहे आणि आभाळाविषयी विचारले आहे. दुसऱ्या वाक्यात "आभाळ भरले" ही शर्त आहे आणि पावसाविषयी विचारले आहे. शब्द तेच, पण शर्त उलटी झाल्याने शक्यता बदलली. एखादी गोष्ट घडली असे धरून दुसरीची जी शक्यता काढतात तिला सशर्त संभाव्यता म्हणतात.

बियाण्याच्या बाबतीत नेमकी हीच गफलत होते. "चांगले बियाणे चाचणीत उतरते" हे एक विधान आणि "चाचणीत उतरले ते बियाणे चांगले" हे दुसरे. आपल्याला माहिती असते पहिल्याची आणि पेरणी करतो दुसऱ्याच्या भरवशावर.

हजार पोत्यांचा हिशेब

हिशेब सोपा व्हावा म्हणून असे धरू की बियाणे दोनच प्रकारचे असते. चांगले, म्हणजे शंभरात ८० दाणे उगवणारे आणि खराब, म्हणजे शंभरात ५० उगवणारे. प्रत्यक्षात मधल्या सर्व पायऱ्या असतात, त्यांचा विचार पुढे करू. चाचणी अशी की पोत्यातील दहा दाणे रुजत घालावयाचे आणि सात किंवा अधिक उगवले तर बियाणे "पास".

आता चांगल्या पोत्यातून काढलेले दहा दाणे दर वेळी आठच उगवतील असे नाही. कधी नऊ, कधी सहा उगवतील, कारण मुठीत कोणते दाणे येतील ते आपल्या हाती नसते. संभाव्यतेच्या गणिताने काढल्यास चांगले पोते या चाचणीत १०० पैकी ८८ वेळा पास होते. खराब पोतेही १०० पैकी १७ वेळा पास होते. हे दोन आकडे येथे तयार दिले आहेत. ते काढण्याची रीत बारावीच्या गणितात आहे आणि मुलाकडून ताडून घेता येईल.

केवळ या दोन आकड्यांकडे पाहिले तर चाचणी बरी वाटते. पण उत्तर अजून पुरे झालेले नाही. तिसरा आकडा हवा. चाचणीच्या अगोदर, म्हणजे एकही दाणा भिजवण्यापूर्वी, बियाणे चांगले असण्याची शक्यता किती होती? बहुतेकांचा हिशेब येथेच चुकतो. हा तिसरा आकडा ते विचारातच घेत नाहीत.

समजा काढणीच्या वेळी उघाड होती, मळणी हलक्या हाताने झाली, साठवण कोरड्या जागी होती. अशा वर्षी गावातील बियाण्याच्या १००० पोत्यांपैकी ८०० चांगली आणि २०० खराब आहेत असे धरू. (हे आकडे रीत समजण्यासाठी धरलेले आहेत, कोणत्याही पाहणीतील नाहीत.) या सर्व पोत्यांची दहा दाण्यांची चाचणी घेतली तर,

चांगल्या ८०० पैकी पास होतील : ८०० × ०.८८ = ७०४
खराब २०० पैकी पास होतील : २०० × ०.१७ = ३४
एकूण पास : ७३८

तुमचे पोते पास झाले, म्हणजे ते या ७३८ पैकी एक आहे. त्यांपैकी चांगली ७०४. भागाकार केला की ०.९५, म्हणजे बियाणे चांगले असण्याची शक्यता ९५ टक्के. अशा वर्षी दहा दाण्यांनीही फारसे फसवले जात नाही.

आता दुसरे वर्ष घ्या. काढणीला आलेले सोयाबीन पावसात सापडले, सुडी खालून भिजली, दाण्याला बुरशी लागली. अशा वर्षी हजारांतील २०० च पोती चांगली आणि ८०० खराब असे धरू. चाचणी तीच, दाणे दहाच.

चांगल्या २०० पैकी पास : २०० × ०.८८ = १७६
खराब ८०० पैकी पास : ८०० × ०.१७ = १३६
एकूण पास : ३१२

३१२ पैकी चांगली १७६, म्हणजे ५६ टक्के. चाचणीचा निकाल तोच, पण भरवसा ९५ वरून ५६ वर आला. जवळजवळ छापा-काटाच.

हे केवळ कागदावरचे उदाहरण समजू नये. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऐन काढणीत राज्याच्या मोठ्या भागात अवकाळी पाऊस झाला आणि सोयाबीन शेतात व सुडीत भिजले. त्यानंतरच्या २०२० च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भातून बियाणे न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या, कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. बियाणे घरचे असो की पिशवीतले, ते कोठल्या तरी शेतात त्याच पावसात उभे होते. अशा हंगामानंतर दहा दाण्यांच्या चाचणीवर विसंबणे म्हणजे आभाळ पाहून तिफण जुंपणे होय.

रीत सूत्रात मांडू

वरील हिशेब एका ओळीत असा लिहिता येतो :

पास झाल्यावर चांगले असण्याची शक्यता = (आधीची शक्यता × चांगले बियाणे पास होण्याची शक्यता) ÷ (पास होण्याची एकूण शक्यता)

खालची "एकूण शक्यता" काढताना चांगले आणि खराब, दोन्ही बाजूंची बेरीज करावयाची असते. हेच बेझचे प्रमेय. थॉमस बेझ हा इंग्लंडमधील धर्मोपदेशक. १७६१ मध्ये तो वारला. त्याच्या कागदपत्रांत हा निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याला मिळाला आणि १७६३ मध्ये तो छापला गेला. सूत्र पाठ करण्याची गरज नाही. माझा अनुभव असा की विद्यार्थीसुद्धा सूत्रात अडखळतात, पण हजार पोती मांडून मोजावयास सांगितले की चुकत नाहीत. आपणही पोतीच मोजावीत.

नेमके सात उगवले तर?

सुरुवातीच्या प्रश्नातील शेतकऱ्याचे "सात किंवा अधिक" नव्हे, नेमके सात दाणे उगवले होते. हा फरक लहान वाटतो, पण आहे मोठा. "पास" या शब्दात सात, आठ, नऊ, दहा सगळेच एकत्र येतात. चांगल्या बियाण्यात आठ-नऊ येणे सहज घडते. खराब बियाण्याची मजल बहुधा सातपर्यंतच जाते. म्हणून मोजलेला आकडा हाती असताना केवळ पास-नापास म्हणणे म्हणजे माहिती वाया घालवणे आहे.

चांगल्या पोत्यातून दहापैकी नेमके सात उगवण्याची शक्यता हजारात २०१, तर खराब पोत्यातून हजारात ११७ असते. भिजलेल्या वर्षाचा हिशेब पुन्हा मांडू.

चांगली २०० × ०.२०१ = ४०
खराब ८०० × ०.११७ = ९४
एकूण १३४

१३४ पैकी चांगली ४०, म्हणजे केवळ ३० टक्के! "सात उगवले" या निकालानंतरही त्या शेतकऱ्याचे बियाणे खराब असण्याचीच शक्यता जास्त होती. त्याने चाचणी चुकीची केली नव्हती. सात या आकड्याचा सरळ सत्तर टक्के असा अर्थ लावला, एवढीच चूक झाली.

दुसरी चाचणी घेतली तर

पहिल्या चाचणीनंतर आलेली शक्यता ही दुसऱ्या चाचणीची "आधीची शक्यता" होते. भिजलेल्या वर्षी पास झालेली ३१२ पोती घ्या, चांगली १७६ आणि खराब १३६. त्यांतून पुन्हा दहा-दहा दाणे काढून तीच चाचणी घेतली, तर चांगल्यांपैकी १५५ आणि खराबांपैकी २३ पुन्हा पास होतील. एकूण १७८, त्यांत चांगली १५५, म्हणजे ८७ टक्के. भरवसा ५६ वरून ८७ वर गेला.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. पहिले, दुसऱ्या वेळचे दाणे पोत्याच्या वेगळ्या भागातून काढावेत. तोंडाशी असलेल्या कोरड्या, टपोऱ्या दाण्यांतूनच दोन्ही वेळा मूठ भरली, तर दुसऱ्या चाचणीने पहिलीचीच चूक पुन्हा सांगितली असे होईल. पानसे आणि सुखात्मे यांच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकावर कृषी पदवीधरांच्या पिढ्या शिकल्या. त्यात यादृच्छिक नमुन्यावर जो भर आहे तो याचकरिता.

दुसरे पथ्य मोडण्याचा मोह फार होतो. चाचणी नापास झाली की "पाणी कमी पडले असेल" म्हणून पुन्हा घ्यावयाची, पुन्हा नापास झाली की तिसऱ्यांदा, आणि पास झाली तीच खरी मानावयाची. खराब पोते एका चाचणीत १०० पैकी १७ वेळा पास होते हे खरे, पण तीन चाचण्यांत निदान एकदा पास होण्याची शक्यता ४३ टक्के असते. म्हणून घेतलेली प्रत्येक चाचणी वहीत नोंदवावी आणि सर्व दाण्यांची बेरीज करून निकाल काढावा. तीन वेळा मिळून तीस दाणे झाले असतील तर तिसांपैकी किती उगवले, एवढेच पाहावे.

शंभर दाणेच का?

आता मधल्या पायऱ्यांकडे येऊ. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवणशक्ती लागते. ६० टक्के उगवणीचे, म्हणजे कमी प्रतीचे बियाणे दहा दाण्यांच्या चाचणीत १०० पैकी ३८ वेळा पास होऊन जाते. तेच बियाणे शंभर दाण्यांच्या चाचणीत ७० ची पातळी १०० पैकी दोन-तीन वेळाच गाठते. आणि ५० टक्के उगवणीचे? ते शंभर दाण्यांत ७० चा आकडा लाखात सुमारे चार वेळा गाठील. उलट ८० टक्क्यांचे चांगले बियाणे शंभर दाण्यांत १०० पैकी ९९ वेळा पास होते. म्हणजे दाणे वाढवले की खराब माल पास होण्याचे प्रमाण घटते आणि चांगला माल नापास होण्याचेही घटते. मग वर्ष सुकाळाचे की भिजलेले, याने निकालाच्या अर्थात फारसा फरक पडत नाही. बीज परीक्षण प्रयोगशाळेत ४०० दाणे लावतात ते याच कारणाने.

शंभर दाण्यांची चाचणी घरी पुढीलप्रमाणे करावी. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे बियाणे काढून एकत्र मिसळावे. त्यातून न निवडता सरसकट १०० दाणे मोजून घ्यावेत. फुटके व सुरकुतलेले दाणे चाचणीपुरते बाजूला काढू नयेत, पेरणीपूर्वी तेही काढणार असाल तरच काढावेत. स्वच्छ गोणपाट ओले करून, जादा पाणी निथळू देऊन, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात. वर दुसरे ओले गोणपाट टाकून सैल गुंडाळी करावी व सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावे, पण गुंडाळी पाण्यात बुडवू नये. सोयाबीनचा दाणा जादा पाण्याने कुजतो. पाचव्या दिवशी आणि शेवटी आठव्या दिवशी मोजणी करावी. मूळ आणि अंकुर दोन्ही निरोगी असलेले रोपच मोजावे. नुसते फुगलेले, मोड वाकडा आलेले किंवा बुरशी लागलेले दाणे मोजू नयेत. मोजणीत उदारपणा केला तर वरील सर्व हिशेब फुकट जातो.

७० किंवा अधिक उगवण आल्यास एकरी ३० किलो बियाणे वापरावे. ७० पेक्षा कमी आल्यास दर टक्क्याला अर्धा किलो वाढवावे, म्हणजे ६५ टक्क्यांना साडेबत्तीस किलो, ६० टक्क्यांना ३५ किलो. त्याहून कमी असेल तर ते बियाणे पेरणीस वापरू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर वाफशावर, तीन ते चार सेंटिमीटर खोलीवर पेरावे.

राहिला प्रश्न "आधीच्या शक्यतेचा". हा आकडा कोणत्याही तक्त्यात मिळणार नाही, तो तुमच्याजवळ आहे. काढणीत किती पाऊस झाला, मळणी यंत्राचे फेरे किती होते, पोती कोठे व कशी रचली, हमालाने ती उंचावरून आदळली की अलगद ठेवली, याच बियाण्याची मागील वर्षी उगवण कशी होती, हे सर्व तुम्ही पाहिलेले असते. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो, त्यामुळे मळणीत व हाताळणीत बसलेला मार वरून दिसत नाही. मळणीच्याच दिवशी वहीत चार ओळी लिहून ठेवाव्यात. मे महिन्यात आठवून लिहिलेल्या नोंदीत पाऊस नेहमी थोडा कमीच पडलेला असतो!

सोडवून पाहा

उघाडीचे वर्ष आहे. हजारांत ८०० पोती चांगली, २०० खराब. एका शेतकऱ्याने दहा दाण्यांची चाचणी घेतली आणि सहाच उगवले, म्हणजे बियाणे नापास. रागाने तो ते पोते बाजारात विकावयास निघाला आहे. त्याचे बियाणे चांगले असण्याची शक्यता किती? "सात किंवा अधिक म्हणजे पास" हाच नियम धरून सोडवावे.

उत्तर : चांगली पोती १०० पैकी १२ वेळा नापास होतात, म्हणून ८०० × ०.१२ = ९६. खराब पोती १०० पैकी ८३ वेळा नापास होतात, म्हणून २०० × ०.८३ = १६६. एकूण नापास २६२, त्यांत चांगली ९६, म्हणजे ३७ टक्के. तीनात एकाहून अधिक वेळा तो चांगले बियाणे विकून टाकील आणि जूनमध्ये चढ्या भावाने दुसरे घेईल. पोते परत घरात ठेवून शंभर दाणे गोणपाटात घालावेत. आठ दिवस लागतील, पेरणीला अजून वेळ आहे.